दोन्हीकडून ढकललेला गाडा

टेंभगावचा पूर वरून खाली आला नाही, खालून वर आला. इतर गावांत पाणी डोंगरावरून उतरतं. टेंभगावात ते वेशीकडून चढलं, आणि ओळखीच्या पाहुण्यासारखं आधी बौद्धवाडीत, मग सुतारआळीत, मग थेट भिवाजी पाटलाच्या पडवीत जाऊन बसलं.

साल अठ्ठावन्न, महिना आषाढ. माथेरानच्या कड्याला ढग टेकला तो उठायचं नाव घेईना. पण असा पाऊस टेंभगावाला नवा नव्हता. खैराचा वहाळ दर आषाढात एकदा तरी तांबडा होऊन धावायचा, टेंभगाव आणि नांदळे यांच्या वेशीवर रस्त्याखाली जी दगडी मोरी होती तिच्यातून सुसाट निघायचा आणि पुढे उल्हास नदीला मिळायचा. त्या वर्षी तो मोरीपर्यंत गेला, थांबला आणि मागे वळला.

हे पहिल्यांदा पाहिलं कोंडीरामनं. तो शेतात बांध सावरत होता. लावणीसाठी उपटलेल्या आवणाच्या, भाताच्या रोपांच्या, जुड्या त्यानं बांधावर रचून ठेवल्या होत्या. पाणी चढलं, जुड्या उचलल्या गेल्या; आणि वहाळाच्या अंगाला वाहून जायच्या त्या उलट त्याच्याच दिशेनं तरंगत येऊ लागल्या. कोंडीराम क्षणभर बघत राहिला. आपलं रोप आपल्या मागं मागं येतंय असं वाटावं इतक्या शिस्तीत त्या येत होत्या. मग पाणी त्याच्या कमरेला लागलं तेव्हा त्यानं कुदळ टाकली आणि घराकडे पळत सुटला.

घरी पोचला तेव्हा वहाळाच्या बाजूची कुडाची भिंत हळूच खाली बसत होती, म्हातारं माणूस बसतं तशी, गुडघ्यावर हात टेकून. भिंतीबरोबर दार गेलं. आई पुतळाबाई शेळीला काखेत मारून माळ्यावर चढली होती आणि तिथून पाण्याला शिव्या देत होती.

संध्याकाळपर्यंत पाणी रस्त्याच्या वर चढलं आणि नांदळ्याच्या अंगाला सांडलं. तेव्हा कुठं गावातलं चढायचं थांबलं. भिवाजी पाटलाची पेंढ्याची उडवी सबंध उचलली गेली आणि रस्ता ओलांडून गेली. तिच्यावर पाटलाचा कोंबडा बसला होता. तो दिवेलागणीला नांदळ्यात आरवला, आणि नांदळ्याच्या बायका सकाळ झाली समजून अंगण झाडायला उठल्या, असं नांदळ्याचेच लोक सांगतात. नांदळ्याचे लोक सहसा खोटं बोलत नाहीत. बोलले तरी जेवणानंतरच बोलतात.

पाणी ओसरल्यावर मात्र हसण्यासारखं काही उरलं नाही. कणग्यांतलं भात भिजून फुगलं आणि त्याला मोड आले. मीठ सगळ्या गावाचं एकदम गेलं, त्यामुळे उसनं मागायला कोणी राहिलं नाही. शेतांवर चिखलाचा थर बसला. उपटलेलं आवण कुजलं. पाटलाची दुभती म्हैस दावणीलाच बुडाली. माणूस एकही गेलं नाही, पण बौद्धवाडीतल्या बहुतेक घरांना एकेक भिंत कमी झाली होती.

उघडीप पडली तशी मारुतीच्या पारावर बैठक झाली. कोंडीरामही गेला. तो पाराखाली बसला नाही. शेजारी त्याच उंचीचा एक धोंडा होता, त्यावर बसला. दोन वर्षांपासून तो तिथंच बसत होता. नागपूरला लाखोंनी धम्म घेतला त्या सालच्या हिवाळ्यात टेंभगावच्या वाडीनंही घेतला होता, घरातले देव टोपलीत भरून वहाळात सोडले होते, आणि गावकी सोडली होती. मेलेलं ढोर ओढणं, दवंडी देणं, वेशीची राखण, पावसाळ्याआधी मोरी मोकळी करणं, हे सगळं. पारावर तसं येऊन सांगितलंही होतं.

"पाऊस नेहमीचाच व्हता," भिवाजी पाटील म्हणाला. "बुडालो ते मोरी तुंबली म्हनून. मोरी कशानं तुंबली ते या कोंड्याला इचारा."

"मला का?"

"देव कुनी टाकले वहाळात? तुमच्या वाडीनं. टोपल्याच्या टोपल्या. ते गेले आन मोरीत आडवे बसले."

"टोपली एक व्हती, पाटील. आन आमचे देवाचे टाक माझ्या बापाच्या तळहातावर मावायचे. तेवढ्यानं वहाळ अडला?"

"देव हाय," धाऊ सुतार म्हणाला. "पान्यात फुगला आसंल."

लोक हसले. पाटील हसला नाही.

"हसताय कशाला रं? म्हस माझी गेली." पाटलानं कोंडीरामकडे तोंड केलं. "बरं, देवाचं सोड. मोरी पावसाच्या आधी कोन काढायचं? तुझा बाप काढायचा. त्याच्या आधी त्याचा बाप. तुमी काम सोडलं, मोरी तुंबली, गाव बुडालं. आता तूच सांग, गाव कुनी बुडवलं?"

पाटील खोटं बोलत नव्हता, हीच अडचण होती.

"आमी सांगून सोडलं," कोंडीराम म्हणाला. "मोरी काय पळून गेली नव्हती. कुनीबी काढायची."

"तितं जे पडलंय त्याला कोन हात लावनार?"

याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. घरात जे नको ते टेंभगाव वेशीवर नेऊन ठेवायचं. पोराला दृष्ट लागली, गाय आटली, सासू झोपेत बडबडली, की उतारा काढायचा: सुपलीत भात, लिंबू, हळदकुंकू, कधी नारळ, कधी काळी बाहुली. तो मोरीच्या तोंडाशी ठेवायचा आणि मागं न बघता घरी यायचं. मयताची गोधडी तिथंच, फुटकी मडकी तिथंच. ज्यानं त्याला हात लावला त्याच्या मागं ती पीडा लागते, म्हणून हात कोणी लावायचा नाही. कोंडीरामच्या बापानं मात्र लावायचा. त्याला पीडा लागली तर गावाचं त्यात काही जात नव्हतं.

"उद्या तू आन वाडीतले चार गडी या," पाटील म्हणाला, आता जरा मऊ आवाजात. "घरटी पायलीभर भात देऊ."

"भाताचं नाव काढलंत म्हंजे झालंच की जुनं काम," कोंडीराम म्हणाला आणि उठला.

घरी पुतळाबाई उरलेल्या तीन भिंतींच्या आडोशानं चूल मांडून बसली होती. बैठकीत काय झालं ते तिला आधीच कळलं होतं. टेंभगावात बातमीला पाय नव्हते, पंख होते.

"काढून टाक जा मोरी," ती म्हणाली. "तुझा मामा पोशीरला आवण राखून बसलाय. पुन्हा पाऊस लागायच्या आत न्या म्हनालाय. मोरी न काढता लावलंस तर तेबी कुजंल. मग वरीसभर काय खायाचं? तुझा मान?"

"आये, एकदा हात लावला की ते काम पुन्हा आपलं झालं. माझं एकट्याचं नाय, सगळ्या वाडीचं. पुढल्या वर्सी ढोर मेलं की बोलावतील. आवंदा मोरी काढलीस, मग ढोराला काय झालं, म्हनतील."

"म्हनतील," पुतळाबाईनं कबूल केलं. मग चुलीत फुंकर घालत म्हणाली, "पर आवण कुजंल."

दोघंही बरोबर होती, आणि त्यामुळे त्या दिवशी दोघांनाही जेवण गेलं नाही.

सकाळी कोंडीराम नुसती बघायला म्हणून मोरीवर गेला. रस्त्याच्या कडेला वाकून त्यानं आत पाहिलं आणि तोंडातून शीळ निघाली. मोरीचं तोंड असं उरलंच नव्हतं. सुपल्या, गोधड्या, केरसुण्या, काटेरी झुडपं, बांबूचे तुकडे, मडक्यांची खापरं, सगळं एकात एक विणून त्यावर चिखल लिंपलेला. बुरुडानं आणि कुंभारानं मिळून केलं असावं असं. पाणी त्याच्या भेगांतून म्हातारीच्या दातांतून यावं तसं सुळसुळत होतं. अशा वस्तू दर वर्षीच पडायच्या, पण पहिल्या पाण्याला वाहून जायच्या. या वर्षी त्या कशावर तरी अडल्या होत्या. आत खोल काहीतरी लाकडी दिसत होतं.

वरची एक सुपली त्यानं सहज उचलली आणि उलटसुलट करून पाहिली. नेरळच्या बाजारात बुरूड विकायला बसतात तसली सुपली, तालुक्यातल्या निम्म्या घरांत असेल.

तेवढ्यात पाटलाची बायको चंद्राबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन नांदळ्याच्या बाजूनं आली.

"काय बघतोस रं एवढं?"

"वळखीची वाटती," कोंडीराम म्हणाला. काहीतरी बोलायचं म्हणून बोलला.

चंद्राबाईचा भारा एका अंगाला कलला. "कुनाची?"

कोंडीरामनं वर बघितलं. चंद्राबाईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. नजर सुपलीवर खिळलेली. कोंडीरामच्या डोक्यात तेव्हा जे आलं ते त्याच्या सात पिढ्यांत कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"नाव कशाला घेऊ, पाटलीनबाई," तो सावकाश म्हणाला. "ज्याचं त्याच्या दारात नेऊन ठेवीन म्हनतो. दुपारनंतर सुरुवात करतो. आमाला आता यातलं काय लागत नाय, बुद्धाच्या दयेनं. आन एवढी वर्सं बापानं हेच काढलं, त्यामुळं वळखू येतं सगळं. कुनी कुनावर काय ठेवलं, समदं."

हे साफ खोटं होतं. बापानं कधी काही ओळखलं नव्हतं. बाप डोळे मिटून काढायचा आणि घरी येऊन आंघोळ करायचा. पण चंद्राबाई चालू लागली, आणि चालता चालता पळू लागली. भाऱ्यातलं गवत रस्त्यावर सांडत गेलं.

कोंडीराम कठड्यावर बसला. सुपली शेजारी ठेवली, एक मडकं काढून तिच्या शेजारी ठेवलं, आणि मडक्याकडे बघून मान डोलावली, जुना सोयरा भेटावा तशी.

ऊन डोक्यावर यायच्या आत निम्मं टेंभगाव मोरीवर होतं. प्रत्येक जण दुसऱ्याच कामाला आला होता. कोणी हरवलेलं वासरू शोधत होतं, कोणी पाण्याची पातळी बघायला आलं होतं. मग संधी साधून एकेक जण हळूच खाली उतरायचा, चिखलात हात घालायचा, काहीतरी ओढून काढायचा, पदराखाली किंवा घोंगडीखाली घालायचा आणि रस्ता ओलांडून मोरीच्या पलीकडच्या अंगाला सोडून द्यायचा. तिथून पुढं ते वाहत जायचं. पुढच्या गावांचं पुढची गावं बघून घेतील.

कोंडीराम कठड्यावरच बसून होता. कोणी जरा रेंगाळलं की तो फक्त म्हणायचा, "ती लाल फडक्याची व्हय..." आणि थांबायचा. लगेच दोघं-तिघं लाल फडक्याकडे धावायचे.

चंद्राबाई आली तिच्या मागोमाग तिची धाकटी जाऊ सोनुबाई आली. दोघी दोन बाजूंनी उतरल्या, वाकल्या, आणि एकाच वेळी उठल्या. दोघींच्या हातात काळ्या बाहुल्या. एकीच्या बाहुलीला हिरवं नेसवलेलं, सोनुबाई नेसते तसं. दुसरीच्या बाहुलीच्या कपाळाला आडवं कुंकू, चंद्राबाई लावते तसं.

"तू गं?" चंद्राबाई म्हणाली.

"तुमी गं?" सोनुबाई म्हणाली.

धाऊ सुतार वर उभा होता. "झालं तर मग," तो म्हणाला, "दोघीबी हैत अजून जित्त्या. बाहुल्याच वाईट निघाल्या."

दोघी जावा एकदमच धाऊवर तुटून पडल्या, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांचं कशावर तरी एकमत झालं.

हळूहळू ढीग उतरत होता. तेवढ्यात पुतळाबाई आली. कोंडीरामला वाटलं भाकरी घेऊन आली. तिनं भाकरी त्याच्या शेजारी ठेवली, लुगडं खोचलं आणि खाली उतरली. सरळ एका कोपऱ्यात गेली, हात घातला आणि पिवळ्या फडक्यात बांधलेला नारळ ओढून काढला.

"आये!" कोंडीरामचा घास हातातच राहिला. "तू?"

"गेल्या वर्सी तुला ताप व्हता. उतरत नव्हता."

"आपून धम्म घेतलाय!"

"घेतला की. मी कुठं नाय म्हनते? तुझ्या उशाला बुद्धाचा फोटो ठेवला, कर्जतच्या डाक्टरचं औषध दिलं, आन हे इतं ठेवलं. ताप उतरला. आता कशानं उतरला त्याची चौकशी मी केली नाय."

वर कठड्यावर धाऊ हसून हसून वाकला. "पुतळाबाय, तुमीबी?"

"मी माझं मी उचललं, धाऊ. तुझं राहिलंय का अजून?"

धाऊचं हसू थांबलं. मग तो गुपचूप खाली उतरला.

दुपार कलेपर्यंत वरचा थर निघाला आणि आतलं लाकूड उघडं पडलं. सगळे वाकून बघू लागले आणि सगळे एकदम मागं सरले. मोरीत आडवा अडकला होता मरीआईचा गाडा.

बैलगाडीचं पिल्लू म्हणावं एवढाच तो होता, पण अख्खा सागाचा. आदल्या वर्षी पावसाळा सरल्यावर पटकीची साथ आली तेव्हा धाऊनं घडवला होता. साथ आली की देवीला गाड्यात बसवून वेशीपार पोचवायचं, हा जुना रिवाज. टेंभगावच्या वाडीनं गाडा नांदळ्याच्या वेशीत न्यायचा, नांदळ्याच्या वाडीनं तो पुढच्या गावाला, असा तो पुढं पुढं जायचा. कुठपर्यंत, ते कोणी पाहिलं नाही. काही म्हणत खोपोलीच्या घाटाखाली सगळ्या गावांचे गाडे दाटीनं उभे असतात आणि तिथं देव्या एकमेकींशी भांडतात. पण या खेपेला गाडा ओढायला टेंभगावची वाडी नव्हती आणि पुढं न्यायला नांदळ्याची नव्हती; तिनंही धम्म घेतला होता. मग टेंभगावच्या माणसांनी तो कसाबसा स्वतः मोरीपर्यंत आणला आणि नांदळ्याच्या बाजूला ढकलून पळ काढला. सकाळी नांदळ्याच्या माणसांनी तो परत या बाजूला ढकलला. असं बरेच दिवस चाललं. मग एक दिवस गाडा रस्त्यावर नव्हता. तो कुठं गेला हे दोन्ही गावांनी एकमेकांना विचारलं नाही. दोघांनाही वाटलं, पलीकडच्यांनी मुकाट नेला.

खरं म्हणजे दोघांनी तो एकाच वेळी ढकलला होता, आणि तो मधल्या मध्ये वहाळात पडला होता.

आता पलीकडच्या काठावर नांदळ्याची माणसं जमली. त्यांचा म्होरक्या मोरू म्हणून होता, अंगानं आडवा, आवाजानं उभा.

"तुमचा गाडा काढून घ्या!" मोरू ओरडला.

"तुमच्या हद्दीत हाय!" भिवाजी पाटील ओरडला.

"हद्द मोरीच्या मधनं जाते!"

"मग निम्मा तुमचा!"

जो ओढील त्याच्या गावात पटकी. त्यामुळे ओढायला कोणी तयार नव्हतं, पण ढकलायला दोन्ही गावं तयार. टेंभगावकरांनी लांब बांबू आणले आणि या बाजूनं रेटले. नांदळेकरांनी बांबू आणले आणि त्या बाजूनं रेटले. दोन गावांचे तगडे गडी घामाघूम होऊन, शिव्या देत, जीव खाऊन रेटत होते आणि गाडा मोरीत आणखी घट्ट बसत होता. राजमाचीच्या बाजूला आभाळ काळं झालं होतं.

कोंडीराम आभाळाकडे बघत होता. पोशीरचं आवण, मामाचा निरोप, चिखलातलं शेत. सगळं त्या गाड्यामागं अडलं होतं. तो कठड्यावर उभा राहिला.

"थांबा!" तो म्हणाला. "पाटील, गाडा टेंभगावचा हाय का?"

"नाय!"

"मोठ्यानं सांगा. सगळ्यांनी ऐकू द्या."

"गाडा आमचा नाय!" पाटील ओरडला.

"मोरूभाऊ, नांदळ्याचा हाय का?"

"आमचा नाय! सात वेळा नाय!"

"मग माझा," कोंडीराम म्हणाला.

दोन्ही काठांवरचे बांबू खाली आले.

"माझ्या घराचं दार पुरात गेलं. मला लाकूड पायजे. कुनाचंच नाय ते लाकूड मी घेतो. गावाचं काम म्हनून नाय, पायलीभर भातासाठी नाय. माझं लाकूड म्हनून. उद्या कुनी म्हनंल कोंडीरामनं मोरी काढली, तर हितल्या सगळ्यांनी सांगायचं, त्यानं दाराचं लाकूड काढलं. बोला."

"बोला काय बोला, घे!" मोरू म्हणाला, आणि इतक्या घाईनं म्हणाला की त्याच्या गावचे लोकही हसले.

पाटलानं आभाळाकडे पाहिलं. त्याचंही शेत मोरीच्या वरच होतं, आणि त्यालाही लावणी करायची होती.

"घे," तो म्हणाला.

कोंडीराम कुऱ्हाड घेऊन उतरला. वाडीतले दोघं-तिघं मागोमाग उतरले. आसावर घाव घातला तर कुऱ्हाड उसळून परत आली. पुन्हा घातला, पुन्हा परत.

"तुटायचं नाय ते!" वरून धाऊचा आवाज आला, आणि त्या आवाजात लाज कमी, अभिमान जास्त होता. "सांधा माझा हाय."

"मग सोडवायचा कसा ते सांग की!"

धाऊनं इकडं तिकडं पाहिलं. हात लावायचा नव्हता, पण तोंड उघडायला कोणाची मनाई होती? "डाव्या चाकामागं खुंटी हाय. खालनं वर ठोक. वरनं खाली ठोकलीस तर जन्मात निघनार नाय. खालनं वर!"

कोंडीराम गळ्यापर्यंत चिखलात वाकला, खुंटी चाचपली आणि कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, मागच्या बोथट बाजूनं, खालून वर ठोकली. एक घाव, दुसरा घाव. आत काहीतरी कडकन सुटलं. डावं चाक आपणहून बाजूला झालं, आणि मागं साठलेलं सगळं पाणी, चिखल, झुडपं, टेंभगावची सगळी उरलीसुरली पीडा, एकदम मोरीतून सुटली. वाडीच्या गड्यांनी कोंडीरामचं एक मनगट धरलं म्हणून तो राहिला. दुसऱ्या हातानं त्यानं गाड्याची फळी धरली होती ती सोडली नाही. नांदळेकरांच्या काठावरचे बांबू, जोडे आणि मोरूची घोंगडी पाण्याबरोबर गेली. घोंगडी पुढं कल्याणच्या खाडीत एका कोळ्याच्या जाळ्यात सापडली आणि त्यात तीन पापलेटं होती, असं मोरू मरेपर्यंत सांगत राहिला.

पाणी उतरलं तशी मोरीची दगडी कमान तळापर्यंत दिसली. धाऊ वाकून बराच वेळ तळात बघत होता.

"टाक दिसतात का रं त्यांचे?" कोणीतरी विचारलं.

"नाय," धाऊ म्हणाला. "ते कवाच पुढं गेले."

पाटलानं ऐकलं आणि नांदळ्याच्या काठाकडे तोंड फिरवलं.

गाड्याच्या फळ्या, तळाचा साटा आणि दोन्ही चाकं रस्त्यावर आली. सागाचं लाकूड ओलं होऊन तांबूस चमकत होतं. ते बघून पाटलाचा जीव जरा खालीवर झाला.

"कोंड्या, तसं म्हटलं तर लाकूड गावाच्या वर्गणीतलं हाय..."

"आसंल की," कोंडीराम म्हणाला आणि फळी खांद्यावरून उतरवू लागला. "मग गावातच नेऊन सोडतो. पाटलाच्या वाड्यासमोर ठेवू का मारुतीच्या पारावर?"

"नको नको!" पाटील दोन पावलं मागं सरला. "तुझंच हाय ते. ने, कोंडीराम, ने."

तीन दिवसांत पोशीरचं आवण आलं आणि लावणी झाली. मग पाऊस लागला तो पुन्हा सगळी कौलं वाजवीत लागला, पण वहाळ तांबडा होऊन मोरीतून निघून गेला. दाराचं काम कोंडीराम स्वतःच करायला बसला होता. धाऊ तिकडून जाताना उभा राहिला, बघत राहिला, आणि शेवटी म्हणाला, "माझ्या फळीला असा रंधा लावतात होय? सर तिकडं." सबंध दुपार बसून त्यानं दार केलं. लाकूड आता मरीआईचं नव्हतं, कोंडीरामचं होतं, त्यामुळे हात लावायला हरकत नव्हती. हे त्यानं स्वतःलाच दोनदा मोठ्यानं सांगितलं.

पुढल्या ज्येष्ठात एका सकाळी भिवाजी पाटील बौद्धवाडीत आला. कोंडीरामच्या दाराशी येऊन थांबला. दार छान बसलं होतं. एका फळीवर जुन्या शेंदराचा डाग रंध्याखालीही राहून गेला होता.

"या की आत, पाटील," कोंडीराम म्हणाला.

पाटलानं दाराकडे बघितलं, चौकटीकडे बघितलं आणि तो अंगणातच उभा राहिला. "नको, घाई हाय. सांगायला आलो. उद्या सकाळी मोरी काढतोय. ज्याचं त्यानं. दोन्ही गावं. नांदळ्याचा मोरूबी येतोय." मग जरा थांबून म्हणाला, "तुमच्यातलंबी कुनी आलं तर बरं."

"येईन," कोंडीराम म्हणाला. "माझं काय आसंल तर माझं मी काढीन. पर माझं आता तितं काय आसनार?"

तो बोलता बोलता आत वळला. पुतळाबाई चुलीपाशी बसली होती. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि न पेटलेल्या लाकडांवर जोरजोरात फुंकर मारू लागली.